चिठ्ठी अधुरी आहे

आमचे सर स्वतःच्या घराचीसुद्धा बेल वाजवून आत जायचे. किल्ली खिशात असायची, दार नुसतं लोटलेलं असायचं, आत त्यांची आई एकटीच असायची. तरी ते बेल वाजवायचे आणि आईनं 'ये' म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. हे त्यांनी स्वतःच आम्हाला वर्गात सांगितलं होतं, आणि गंमत म्हणून नव्हे. आत कोण काय करतंय हे बाहेरच्याला माहीत नसतं, माहीत असायचं कारणही नसतं, असं त्यांचं म्हणणं. बाहेरच्यानं विचारायचं, आतल्यानं उत्तर द्यायचं. विषय संपला.

मी शाहपूरची. घरी केळीची शेती. बऱ्हाणपूरच्या कॉलेजात बीसीएला नाव घातलं तेव्हा बीसीए म्हणजे काय हे घरात कोणाला नीट माहीत नव्हतं, मलाही फारसं नव्हतं. कॉम्प्युटरचा कोर्स आहे आणि मुलगी बसनं जाऊन-येऊन करू शकते, एवढ्यावर ठरलं. पहिल्या तासाला आम्ही नव्या वह्या उघडून बसलो. कीबोर्ड, माऊस, मॉनिटर यांच्या आकृत्या काढायच्या असणार, असा आमचा समज होता.

सर आले. उंच, काटकुळे, शर्टाची गळ्यापाशी असलेली गुंडीसुद्धा लावलेली. हातात हेल्मेट. हे हेल्मेट रोज त्यांच्या हातात असायचं, पण गाडी त्यांच्याकडे नव्हतीच. ते कागद कारखान्याच्या वसाहतीतून सकाळच्या पॅसेंजरनं बऱ्हाणपूरला यायचे आणि स्टेशनापासून चालत कॉलेजात. मात्र वाटेत एखाद्या ओळखीच्यानं मागे बसवून घेतलं तर हेल्मेट असावं, म्हणून ते बरोबर ठेवायचे. दुसऱ्याच्या गाडीवर बसायचं तर आपली सोय आपण घेऊन जायची, हा हिशोब. बहुतेक दिवस कोणी बसवून घेत नसे आणि ते हेल्मेट हातात घेऊन चालत यायचे. बऱ्हाणपुरातल्या शनवारा चौकातले लोक त्यांना त्यावरूनच ओळखायचे.

त्या दिवशी त्यांनी फळ्यावर काही लिहिलं नाही. बेंचांवर हात ठेवत वर्गभर फिरले. हा बेंच बस कधी सुटते तेवढंच जाणतो. हा बेंच तिकीट किती तेवढंच जाणतो. हा सुट्ट्या जाणतो. शेवटच्या बेंचवर मी आणि शनवाऱ्याचा इमरान बसलो होतो. आम्हाला काहीच माहीत नव्हतं आणि आमचं काम प्रवाशाला उत्तर देण्याचं. सर प्रवासी झाले. म्हणाले, मला उद्या देडतलाईला जायचंय, कधी निघू, किती लागतील?

बोलायचं नाही, फक्त चिठ्ठी पाठवायची, असा नियम होता. इमराननं बसवाल्या बेंचला लिहिलं, 'बस कब है?' चिठ्ठी परत आली, कारण सरांनी वाटेतच ती उचलून वाचली होती. त्यांनी त्यावर लाल पेनानं लिहिलं होतं, 'चिट्ठी अधूरी है.' कुठून, कुठं, कोणत्या दिवशी, काहीच नव्हतं. इमरान म्हणाला की सर, यांना तर माहीत आहे ना, आत्ताच तुम्ही सगळ्यांसमोर बोललात. सर म्हणाले की त्यांच्या कानावर काय पडलं त्यावर तुम्ही अवलंबून राहायचं नाही. जे हवं ते चिठ्ठीत लिहा.

आम्ही लिहिलं. उत्तरं आली. ती जोडून आम्ही सरांना शेवटी सांगितलं की उद्या इतक्या वाजता निघा, इतके लागतील. तेव्हा त्यांनी बसवाला अख्खा बेंच उचलून बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. चिठ्ठ्या दारातून गेल्या, दारातून आल्या, काही बिघडलं नाही. मग त्यांनी व्हरांड्यातली मुलं बदलली. आम्हाला पत्ताच नाही. उत्तर तेच आलं. मग त्यांनी तिकीटवाल्या बेंचच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यानंतर आमच्या चिठ्ठीला उत्तर येईना. आम्ही पुन्हा लिहिलं, पुन्हा काही नाही. तास संपायची वेळ आली, प्रवासी उभाच, आम्ही बसलेलेच. सरांनी त्या बेंचला गप्प राहायला सांगितलं होतं.

“देखा?” ते म्हणाले. “ते 'नाही' म्हणाले असते तर तुम्ही दुसरीकडे विचारलं असतं. गप्प बसले, म्हणून सगळी गाडी उभी राहिली. उत्तर नसेल तर 'नाही' म्हणा, 'माहीत नाही' म्हणा. पण गप्प बसू नका.”

अशी आमची वेब सर्व्हिसशी ओळख झाली. इंटरनेटवर एका जागचा प्रोग्राम दुसऱ्या जागच्या प्रोग्रामला काहीतरी विचारतो आणि तो उत्तर देतो, इतकीच ती गोष्ट. हा धडा अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाच्या अगदी शेवटी होता आणि तिथपर्यंत सहसा कोणी पोचत नसे. सर तो पहिल्या दिवशी घ्यायचे. कीबोर्ड आणि मॉनिटर त्यांनी दिवाळीनंतर एका तासात उरकले.

यावरून तक्रारी झाल्या. मुलं चिठ्ठ्या-चिठ्ठ्या खेळतात, असं एका पालकानं प्रिन्सिपल साहेबांना येऊन सांगितलं. साहेबांनी सरांना बोलावलं. प्रोग्राम लिहिता येत नाही त्यांना हे शिकवून काय उपयोग, असं विचारलं. सर म्हणाले की प्रोग्राम लिहायला शिकली की मुलं सगळं स्वतःच करायला बघतात, मग त्यांना दुसऱ्याकडे मागायला शिकवणं अवघड जातं. साहेब म्हणाले, ठीक आहे, पण आवाज कमी ठेवा. सर म्हणाले, आवाज नसतोच, चिठ्ठ्या असतात.

स्टाफरूममध्ये ते अवघड गृहस्थ म्हणूनच ओळखले जायचे. कोणी 'सर, चहा?' म्हटलं की ते विचारायचे, 'आहे असं सांगताय, की घेणार का विचारताय?' त्यात खवचटपणा नसायचा, त्यांना खरंच कळून घ्यायचं असायचं. गणिताच्या मॅडम म्हणायच्या की ह्यांच्याशी बोलायचं म्हणजे रेल्वेच्या खिडकीशी बोलल्यासारखं आहे. पण त्याच मॅडम असंही म्हणायच्या की या कॉलेजात उत्तर देणारा हा एकच माणूस आहे. त्यांना काही विचारलं तर हो, नाही किंवा माहीत नाही, यांतलं एक लगेच मिळायचं. 'बघू', 'होईल', 'बोलतो मी' हे शब्द त्यांच्याकडे नव्हतेच. 'उद्या सांगतो' म्हणाले तर उद्या सांगायचे, मग ते उत्तर 'अजून माहीत नाही' असं का असेना.

अंदाज ते कधीच करायचे नाहीत. एकदा मी बसस्टँडवर उभी होते, ते समोरून आले. मी विचारलं की सर, शाहपूरची बस गेली का? 'माहीत नाही,' म्हणाले आणि पुढे गेले. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, गेली वाटतं, किंवा येईल गं आता, थांब. वर्गात एकदा ते म्हणाले होते, अंदाज म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. मी ते वहीत लिहून घेतलं, कळलं काही नव्हतं.

एका शनिवारी ते आम्हाला इमरानच्या मोहल्ल्यात घेऊन गेले. इमरानच्या घरी पॉवरलूम. गल्लीत शिरल्यापासून खटाखट आवाज, शेजारच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड न्यावं लागायचं. सरांनी आम्हाला एकेका दारापुढे उभं केलं. एका ठिकाणी नुसत्या सुताला खळ लावून ते मोठ्या रुळावर गुंडाळतात. दुसरीकडे नुसतं विणतात. विणलेलं कोरं कापड तिसरीकडे धुलाई-रंगाईला जातं. इमरानच्या अब्बूंना सरांनी विचारलं की खळवाला खळीत काय घालतो ते तुम्ही बघता का? ते म्हणाले, मला कशाला बघायचंय, धागा तुटला नाही म्हणजे झालं. सर एवढे खूश झाले की त्यांनी खाली वाकून आमच्या कानांशी ओरडून सांगितलं, “हेच! तिसऱ्या वर्षाचा शेवटचा धडा हाच आहे!” परत येताना त्यांनी सगळ्या वर्गाला मावा जिलबी खाऊ घातली. दुकानाच्या फळीपुढे उभं राहून त्यांनी ऑर्डर कशी दिली ते अजून लक्षात आहे: कोणती, किती, गरम, आत्ता, इथेच खायला. दुकानदार म्हणाला, हाँ भाई हाँ, समझ गया.

त्यानंतर आम्ही खऱ्या सर्व्हिस बनवायला लागलो. दुसरं सेमिस्टर होतं. कोणी बसच्या वेळांची केली, कोणी लायब्ररीतल्या पुस्तकांची. माझ्याकडे केळीचा भाव आला. माझे काका रोज सकाळी मंडीत जायचे, ते मला फोनवर भाव सांगायचे, मी तो भरायची, आणि कोणीही विचारलं की माझी सर्व्हिस तो सांगायची. इमराननं दुसऱ्या कुणाच्या हवामानाच्या सर्व्हिसकडून वाऱ्याचा अंदाज मागवला, माझ्याकडून भाव मागवला, आणि मोबाइलवर एक पान बनवलं: आज केळी कापावी की थांबावं. त्याच्या घरात कोणी आयुष्यात केळीच्या शेतात गेलेलं नव्हतं. सरांना त्याचंच कौतुक. माझे बाबा ते पान रोज सकाळी बघायला लागले.

त्याच सुमारास कॉलेजात तपासणी समिती यायची होती. भिंती रंगवल्या गेल्या, कुंड्या आल्या. मुलांनी बनवलेलं हे पान समितीला दाखवायचं, असं प्रिन्सिपल साहेबांनी ठरवलं. आदल्या दिवशी ते लॅबमध्ये आले, बघितलं, त्यांना फार आवडलं. जाता जाता म्हणाले की उद्या ऐन वेळी आजचा भाव आला नाही तर कालचा दिसू द्या, पडदा रिकामा दिसायला नको. सर म्हणाले, “नाही.” साहेबांना वाटलं सरांना ऐकू आलं नसावं. त्यांनी पुन्हा सांगितलं. सर पुन्हा 'नाही' म्हणाले, त्याच आवाजात. साहेब गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकांचा फोन आला की मंडी बंद आहे, हमाल संपावर गेलेत, बोली लागणार नाही. मी तसं भरलं. मग सरांना सांगितलं की सर, आजच बंद आहे. ते म्हणाले, बरं, मग बंद आहे.

समिती आली. मधोमध एक वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी स्वतःच माऊस हातात घेतला आणि विचारलं. पडद्यावर आलं: आज भाव नाही, मंडी बंद आहे. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. प्रिन्सिपल साहेब पुढे झाले आणि हसत म्हणाले की रोज बरोबर चालतं, आजच काहीतरी नेटवर्कचा प्रॉब्लेम दिसतोय. सर म्हणाले, नेटवर्क बरोबर चाललंय. त्या गृहस्थांनी सरांना म्हटलं की मग निदान कालचा भाव तरी दाखवायचा.

“आपने आज का पूछा था,” सर म्हणाले.

गृहस्थांनी मान हलवली आणि समिती पुढच्या खोलीत गेली. त्यांनी त्याबद्दल कागदावर काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. साहेब मात्र दुखावले. पुढच्या टाइमटेबलमध्ये सरांना सकाळचा पहिला तास मिळाला आणि संध्याकाळचा शेवटचा, मध्ये दिवसभर मोकळे. पॅसेंजरनं येणाऱ्या माणसाला ही शिक्षाच. सरांनी ती तक्रार न करता भोगली. दुपारभर लॅबमध्ये बसायचे, कोणी काही विचारायला आलं तर उत्तर द्यायचे.

समितीच्या दिवशी मी घरी गेले तेव्हा बाबा ओट्यावर बसले होते. त्यांनी सकाळी पान बघितलं होतं. शेजारच्या शेतवाल्यांनी भल्या पहाटे माल कापून टाकला होता आणि आता तो बांधावर पडून होता. बाबांनी कापायला माणसं लावली नव्हती. ते एवढंच म्हणाले, “तुझ्या सरांना सांग, बरं केलं म्हणावं.” मी सांगितलं. सर म्हणाले, “मी काय केलं? मंडी बंद होती.”

दुसऱ्या वर्षी थंडीत सर यायचे बंद झाले. आमच्या ग्रुपवर त्यांचा मेसेज आला: आई आजारी आहे, मी कधी येईन माहीत नाही, सोमवारी सांगतो. सोमवारी आला: अजून माहीत नाही, पुढच्या सोमवारी सांगतो. असे सोमवार जात राहिले. मग गणिताच्या मॅडमकडून कळलं की आईंना लकवा झाला आहे, उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. घरात ती दोघंच. वडील कारखान्यात होते, ते आधीच वारलेले. मूळचे अकोल्याकडचे, जवळ असं कोणी नातेवाईक नाही. एका शेजारीणबाईंचा काय तो आधार.

इमरान आणि मी एका दुपारी सरांच्या घरी गेलो. इमराननं बेल वाजवली, मग आम्ही थांबलो. सरांनी दार उघडलं. दाढी वाढलेली, गळ्याची गुंडी उघडी. आम्ही त्यांना तसं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी आम्हाला आत बोलावलं आणि एखादा तास सुरू करावा तसे लगेच सांगायला लागले.

सरांच्या आई, म्हणजे आमच्या काकू, खिडकीपाशी खुर्चीत होत्या. अंगावर शाल, डावा हात मांडीवर. त्यांना आता एकच शब्द बोलता येत होता: गाडी. पाणी हवं असलं तरी गाडी, पाय दुखला तरी गाडी. डॉक्टर म्हणाले होते की असं होतं, डोक्यात शब्द बरोबर असतो, तोंडातून दुसराच येतो. सर म्हणाले, म्हणजे सगळ्या मागण्या एकसारख्या येतात, फरक करायला काही मार्गच नाही. मग त्यांनी मार्ग काढला होता. एका प्लायवुडच्या फळीवर चित्रं चिकटवली होती: पाण्याचा पेला, चहाचा कप, ताट, संडास, पांघरूण, पंखा, टीव्ही, औषध, दुखतंय म्हणून तोंड वाकडं केलेला माणूस. आईनं डाव्या हातानं बोट ठेवायचं. ही तिसरी फळी होती. पहिलीत चित्रं लहान होती, दुसरीत दुखण्याचं चित्र राहिलं होतं. ते आम्हाला सगळं समजावून सांगत होते आणि आम्ही मान हलवत होतो.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, “गाडी.”

सरांनी फळी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी बघितलं नाही. सरांनी एकेका चित्रावर बोट ठेवून विचारलं, पाणी? चहा? पांघरूण? प्रत्येकाला त्या 'नाही' अशी मान हलवत होत्या आणि मोठ्यानं म्हणत होत्या, गाडी, गाडी. इमराननं हळूच विचारलं की अम्माजींना खरंच गाडीत बसून कुठं जायचं असेल तर? सर म्हणाले की तेही करून बघितलं, दारात रिक्षा आणून उभी केली होती, ती रिक्षा बघून चिडली. मग ते आईकडे वळून म्हणाले, “आई, कळलं नाही. पुन्हा सांग.”

हे वाक्य आम्ही त्यांच्या तोंडून वर्गात कितीदा ऐकलं होतं.

काकूंनी डाव्या हातानं फळी ढकलली. ती खाली पडली आणि एक चित्र निघून कॉटखाली गेलं. त्या रडायला लागल्या. सर ते चित्र काढायला खाली बसले, कॉटखाली हात घातला, चित्र काढलं आणि मग उठलेच नाहीत. खुर्चीला टेकून तसेच जमिनीवर बसून राहिले, चित्र हातात. दमले होते. आम्हाला तिथं थांबावं की जावं कळेना.

काकूंनी डावा हात पुढे केला आणि सरांच्या शर्टाची गळ्याची गुंडी धरली. ती लावायला लागल्या. एका हातानं ती लागेना. काजाच्या जवळ न्यायची, निसटायची, पुन्हा धरायची. सरांनी मदत करायला हात वर नेला आणि मग परत खाली घेतला. काकू बराच वेळ ते करत राहिल्या. मध्येच एकदा म्हणाल्या, गाडी, पण आता अगदी हळू. रडणं थांबलं होतं. गुंडी काही लागली नाही. मग काकूंनी हात सरांच्या मानेवर ठेवला आणि खिडकीबाहेर बघायला लागल्या.

सर आमच्याकडे बघून म्हणाले, “तिला काही नकोच होतं बहुतेक.”

बहुतेक हा शब्द आम्ही त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकला.

परतीच्या गाडीत, बऱ्हाणपूर यायच्या आधी इमरान म्हणाला, “यार, वो बोर्ड कितनी मेहनत से बनाया था सर ने.”

पुढे काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. आमच्यानंतर काही दिवसांनी प्रिन्सिपल साहेब स्वतः त्यांच्याकडे जाऊन आले. रजा संपली होती, नियमाप्रमाणे जागा भरायला हवी होती, आणि साहेबांच्या मनात समितीच्या दिवसाची अढी होती हे सगळ्या कॉलेजला माहीत होतं. सरांनी राजीनामा लिहून ठेवला होता. साहेबांनी तो घेतला नाही. म्हणाले की आईंना एकटं ठेवता येत नसेल तर बरोबर आणा, लॅब तळमजल्यावर आहे, कोपऱ्यात कॉट टाकू. सरांनी विचारलं की किती दिवस? साहेब म्हणाले, माहीत नाही. सर म्हणाले, चालेल.

इमरानच्या अब्बूंनी शनवाऱ्यात तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळवून दिल्या. सर आईला घेऊन तिथं राहायला आले. सकाळी रिक्षा यायची. रिक्षावाल्याला काकूंच्या चिडण्याची सवय झाली, मग काकूंनाही रिक्षाची सवय झाली. टाइमटेबल कोणी न सांगता बदललं. सरांचे सगळे तास सकाळी लागोपाठ आले.

ती प्लायवुडची फळी त्यांनी आणली होती. तहान-भुकेला ती कामी यायची. पण त्यांनी तिच्यावर आणखी चित्रं वाढवली नाहीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, “मी सगळ्या मागण्यांची चित्रं काढली. काही नको, नुसता बस इथं, ह्याचं चित्र मला सुचलंच नव्हतं. आणि काढलं असतं तरी तिनं त्यावर बोट ठेवलं नसतं.” मग मला त्यांनी माझ्या प्रोजेक्टमधली एक चूक दाखवली.

नव्या पहिल्या वर्षाला ते चिठ्ठ्यांचा तास पूर्वीसारखाच घ्यायचे. अधुरी चिठ्ठी अजून परत जायची, लाल पेनानं. पण आता ती परत करताना ते त्या मुलाकडे जाऊन उभे राहायचे आणि विचारायचे की तुला काय म्हणायचं होतं? मुलगा सांगायचा, मग म्हणायचे, मग तसं लिही. पूर्वी ते जागचे हलत नसत.

काकू आता नाहीत. सर आहेत, अजून शिकवतात, इमरान आता मोहल्ल्यातल्या कारखान्यांसाठीच प्रोग्राम लिहितो आणि अधूनमधून त्यांना भेटतो. मी इंदूरला नोकरी करते. माझं कामही तेच आहे, एका प्रोग्रामनं दुसऱ्याला काय विचारायचं आणि काय उत्तर यायचं हे ठरवणं. तिथं मला सर रोज आठवतात असं नाही. आठवतात ते बहुधा आमच्या शेवटच्या वर्षातले.

मी लॅबमध्ये मागे बसून प्रोजेक्ट करत होते. पुढे पहिल्या वर्षाचा वर्ग चालला होता, मुलं नवीन, पहिलाच आठवडा. सर फळ्यावर मागणी आणि उत्तर यांच्यामध्ये बाण काढत होते. कोपऱ्यातून काकूंचा आवाज आला, “गाडी.” पुढच्या बेंचवरची दोघं हसली. आवाज पुन्हा आला. पहिल्या बेंचवरच्या एका मुलीनं, तिला खरंच कळून घ्यायचं होतं, हात वर करून विचारलं की सर, त्यांना काय हवंय?

सर बाण अर्धा ठेवून थांबले.

“पता नहीं,” ते म्हणाले. “देख के आता हूँ.”

त्यांनी खडू ठेवला, हात झटकले आणि कॉटकडे गेले.